टू गो म्हणजे गन्तुम्

साजाटोला, मार्गे कुरखेडा, जि. चांदा
१८ जून १९५४

गुरुवर्य चि. इंदू हिस,

धुंडिराजाचे साष्टांग आशीर्वाद. गुरूला आशीर्वाद आणि धाकट्या आतेबहिणीला साष्टांग नमस्कार ही दोन्ही पापं एकाच ओळीत उरकली आहेत, कारण आजपासून तू माझी गुरू आहेस. चांद्याच्या मुलींच्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेस, तेव्हा आणखी एक मठ्ठ मुलगी वर्गात आली असं समज. ती सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि तिला शेंडी आहे.

झालं असं की आमच्या गावाने आणि भोवतालच्या टोल्यांनी, म्हणजे वस्त्यांनी, मिळून कुडाच्या भिंती उभ्या केल्या, अर्जांवर अर्ज केले, आणि खात्याने मिडल स्कूलचा पहिला वर्ग दिला. त्यात इंग्रजी सक्तीचं. इंग्रजीचे मास्तर आले, हिवतापाने आडवे झाले, आणि उभे झाले ते थेट नागपुरात. हेडमास्तर गुणवंतराव मला म्हणाले, "शास्त्रीजी, तुमाले संस्कृत येते. इंग्रजी काई त्याच्याहून कठीण नसन." मी नाही म्हणू शकलो नाही. सगळ्या भाषा संस्कृतच्या लेकी आहेत असं गेली दहा वर्षं मी याच गुणवंतरावांना पानसुपारीसोबत सांगत आलो आहे. आता एक लेक दारात येऊन उभी राहिली आणि मला तिचं नाव सांगता येईना.

पावसाळ्यात तपासणी आहे. इंग्रजी शिकवलं जात नाही असं दिसलं की वर्ग बंद. पोरं वडशाला कुणा नातेवाइकाकडे राहून शिकतील. पण वर्गात एकच मुलगी आहे, सोमारी. पलीकडच्या जंगलगावातल्या लालसूची. तिच्या टोल्यातून आजवर कुणी मुलगी शाळेत आलेली नाही. लालसूने मला स्पष्ट सांगितलं, "गुर्जी, इथी हाय तोवर शिकन. वडशाले पोट्टीले मी धाडत नाई." तेव्हा वर्ग गेला की सोमारीचं शिक्षण गेलं, इतकं सरळ आहे.

आता शंका. पुस्तकात एक पान आहे, त्यावर 'इन्फिनिटिव्ह' असं लिहून खाली टू गो, टू कम, टू सिट अशी रांग आहे. कोशात पाहिलं, तर त्या शब्दाच्या शेजारीच अनंत सापडला. मला आनंद झाला. अनंत माझा घरचा. मी वर्गाला शेषनाग, त्याच्या फणा, क्षीरसागर असं सगळं यथासांग सांगितलं. सोमारी हात वर करून म्हणाली, "गुर्जी, मंग टू गो मंधी साप कुठी हाय?"

तो कुठे आहे ते उलट टपाली कळव.

तुझा ज्येष्ठ शिष्य,
धुंडिराज


चांदा
२५ जून १९५४

ती. धुंडूदादांस,

साप नाही. असलाच तर तो तुमच्या कोशात आहे, त्याला तिथेच राहू द्या.

क्रियापद वाक्यात आलं की त्याला बांधून ठेवणारे बरेच असतात. कोण करतो, एक की अनेक, आज की काल. या सगळ्या दाव्यांतून सुटलेलं, मोकळं क्रियापद म्हणजे इन्फिनिटिव्ह. टू गो म्हणजे नुसतं जाणं, जायला. कोण जातो, कधी जातो, याचा पत्ता नाही. तुमच्याकडे हेच आहे की हो. गन्तुम्, कर्तुम्, पातुम्. तुमुन् प्रत्यय लावून तुम्ही आयुष्य काढलंत, आणि इंग्रजी टोपी घालून तो समोर आला तर ओळखलं नाहीत?

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कॅन, मस्ट, मे यांच्यामागे आलं की 'टू' गळून पडतो. आय कॅन गो. कॅन टू गो म्हणायचं नाही. दुसरी, इंग्रजीत हे वाक्याचा कर्ताही होतं. टू वॉक इज गुड. चालणं चांगलं.

आणि मुलांना हे पान आत्ता शिकवू नका. आधी आय गो, यू गो, ही गोज अशी साधी वाक्यं घ्या. हे पान पुस्तकात पुढे आहे, ते काही कारणाने पुढे आहे.

आई बरी आहे. विचारते, धुंड्या आता इंग्रजीत संध्या करणार का?

इंदू


साजाटोला
२ जुलै १९५४

गुरुवर्य चि. इंदू,

तुझं पत्र वाचून मी उठून अंगणात फेऱ्या घातल्या. मनकर्णा म्हणाली, "काऊन हो, कोनी गेलं का चांद्यात?" मी म्हटलं, कुणी गेलं नाही, तुमुन् सापडला. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "हरवला कधी होता?" इंदू, तुझी वहिनी न शिकता नैयायिक झाली आहे.

टू गो म्हणजे गन्तुम्. अहाहा. आमच्याकडे हा बिचारा अव्यय, कायमचा नोकर. दुसऱ्या क्रियेसाठी राबायचं, स्वतः कधी सिंहासनावर बसायचं नाही. आणि इंग्रजीत त्याने 'टू वॉक इज गुड' म्हणत थेट कर्त्याची गादी घेतली. मला त्याचा मुलाच्या मुंजीइतका अभिमान वाटला. तसंच ते 'टू' गळण्याचं. कॅन आणि मस्ट हे कुणी बडे साहेब असावेत, त्यांच्या दारात टूने जोडे काढून जायचं. ही रीत आम्हाला नवी नाही.

तू लिहिलंस, हे पान आत्ता शिकवू नका. पत्र मिळेपर्यंत शिकवून झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मिळाल्यावरही मी तेच शिकवलं. मला जे समजलं तेच मी शिकवू शकतो. आय गो, ही गोज यांत त्या 'ही'च्या मागे गो का फुगतो ते मला अजून पटलेलं नाही. टू गो कसा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. कर्ता घरी नाही, काळ गावाला गेलाय, आणि क्रिया ओसरीवर एकटी बसली आहे. अशा घरात माझ्यासारख्या पाहुण्याला बरं वाटतं.

शिकवतो आमच्या पाठशाळेच्या रीतीनेच. नुसतं म्हणायचं नाही, पुढून म्हणायचं, उलटं म्हणायचं, पुन्हा पुढून म्हणायचं. टू गो, गो टू, टू गो. टू कम, कम टू, टू कम. वेद असेच टिकले, तर इंग्रजी का टिकू नये? पोरांना हे फारच रुचलं आहे. विहिरीवर बाया आता शाळेला 'टूगोटू' म्हणतात. कालच रुखमा, गुणवंतरावांच्या धानाच्या बांधीत रोवणाऱ्या बायांची म्होरकी, मला विचारत होती, "गुर्जी, हा कोनता मंतर हाय? इंचू उतरते का यानं?"

अर्थही सांगतो. मी म्हणतो टू गो म्हणजे गन्तुम्, म्हणजे जायला. वर्ग तोंड वासतो. मग सोमारी मागे वळून बाकीच्यांना सांगते, "जावाले, बावा, जावाले." आणि सगळ्यांना कळतं. गन्तुम् मधल्यामध्ये फुकट पायपीट करतो.

लालसू परवा मोहाची टोपली घेऊन बाजाराला चालला होता. म्हणाला, "गुर्जी, पोट्टी ढोरं चारताना आंग्रेजी बोलून राह्यली. ढोरं आयकत नाईत." मी म्हटलं, हळूहळू ऐकतील. तो म्हणाला, "वर्ग ऱ्हाईन ना पर?" मी म्हटलं, राहील. इतक्या ठामपणे म्हटलं की घरी येऊन मला घाम फुटला.

धुंडिराज


चांदा
८ जुलै १९५४

ती. धुंडूदादांस,

तुम्ही उलट-सुलट म्हणवून घेत आहात हे वाचून मी डोक्याला हात लावला. मग हसले. मग पुन्हा हात लावला. दादा, गो टू असं सुटं म्हटलं तर इंग्रजीत त्याला तसा अर्थ राहत नाही. वेदांचं ठीक आहे, त्यांना कुणी इन्स्पेक्टर तपासायला येत नाही.

तपासणीत साहेब वाक्यं विचारतील. कर्त्याला आता घरी बोलवा. मी दहा सोपी वाक्यं सोबत पाठवते. कृपा करून तीच शिकवा, आणि सरळ दिशेने.

इकडे शिक्षिकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत साजाटोल्याची बरीच चौकशी होते. कशी, ते मग सांगेन.

इंदू


साजाटोला
१३ जुलै १९५४

गुरुवर्य चि. इंदू,

आनंदाची वार्ता. खात्याचं पत्र आलं. रस्ते वाहून जाण्याआधी तपासणी उरकायची आहे, तेव्हा शाळेने आपल्या सोयीचा दिवस कळवावा. गुणवंतराव नेमके वडशाला गेले होते, तेव्हा उत्तर मी लिहिलं. खात्याच्या इतिहासात प्रथमच तपासणीसाठी पंचांग पाहिलं गेलं असेल. बावीस जुलै, गुरुवार. चंद्र अश्विनीत. विद्येच्या कामाला अश्विनीसारखं नक्षत्र नाही, आणि वार तर गुरूचाच. राहुकाळ टाळून सकाळची वेळ दिली आहे. साहेब कुरखेड्याहून बैलांच्या रेंगीने येतील.

तुझी वाक्यं मिळाली. 'आय ॲम अ बॉय' सोमारीने म्हणावं की न म्हणावं, यावर वर्गात मतभेद झाले आणि तास संपला. बाकीची उद्यापासून घेतो. मुहूर्त इतका बळकट आहे की आता काळजीचं कारण नाही.

तुझा निश्चिंत शिष्य,
धुंडिराज


चांदा
१८ जुलै १९५४

दादा,

घाईत लिहिते. तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती ब्रह्मपुरीच्या धानातली, तुम्हाला ठाऊक आहे. ती म्हणाली, "बावीसले? धुंड्याले म्हनाव, पुष्य लागते वीसले. गावात कोन भेटन?"

तुम्ही चंद्राचं नक्षत्र पाहिलंत. तिकडचं गाव सूर्याचं पाहतं. सूर्य पुष्यात गेला की रोवणा, धानाची लावणी. तुमचा वर्ग बांधीत असेल दादा, शाळेत नव्हे. तारीख बदलून घ्या. आजच्या आज माणूस पाठवा.

इंदू


साजाटोला
२४ जुलै १९५४

गुरुवर्य चि. इंदू,

तुझं अठराचं पत्र आज मिळालं. परवा रात्रीपासून सती नदीला पूर होता, टपालवाला पलीकडे अडकला होता. आत्याला सांग, तिचं ज्योतिष खरं ठरलं आणि माझं सर्टिफिकेट रद्द झालं.

परवा सकाळी मी रेशमी काठाचं उपरणं घेऊन शाळेत गेलो. शाळेत एक शेळी होती. ती गुणवंतरावांची. स्वतः गुणवंतराव धोतर खोचून आपल्या बांधीत गुडघाभर चिखलात. मला पाहून ओरडले, "शास्त्रीजी, आज तपासणी होती का? मले सांगाचं त खरं!" सांगितलं होतं. त्यांनी बहुधा अश्विनी ही एखादी बाई समजून सोडून दिलं.

तेवढ्यात रेंगी आली. साहेब उतरले. पँट, बूट, छत्री, बगलेत वही.

"शाळा हीच का?"

"हीच."

"आणि मुलं?"

"साहेब, मुलं पुष्यात गेली."

वाटलं, परत फिरतील. पण ते म्हणाले, "चला मग. आपणही पुष्यात जाऊ."

बांधीच्या अरुंद मातीच्या पारेवरून मी पुढे, ते मागे. रांग वाकून रोवत होती. रुखमा पुढे, बाया, त्यांच्यामध्ये माझा वर्ग, आणि टोकाला सोमारी. लालसूची जमीन जंगलात, पण रोवण्याला तोही इकडे मदतीला येतो. तो पऱ्ह्याच्या, कोवळ्या रोपांच्या, पेंड्या फेकत होता. मी साहेबांना सांगू लागलो की इंग्रजीतला इन्फिनिटिव्ह आणि आमचा तुमुन् यांत तत्त्वतः भेद नाही. तत्त्वतः म्हणताना माझा पाय पारेवरून घसरला. तत्त्व वर राहिलं, मी खाली गेलो. रेशमी काठासकट.

साहेबांनी मला हात दिला नाही. त्यांनी प्रश्न विचारला. "मुलांनो, टू फॉल म्हणजे?"

सगळी बांधी एकदम ओरडली, "पडाले!"

"टू प्लांट?"

"रोवाले!"

"टू गो?"

"जावाले!" आणि कुणीतरी पुढे चालू केलं, टू गो, गो टू, टू गो. रुखमाने हात त्या तालावर टाकला. बायांनी धरला. इंदू, रांग त्या चालीवर मागे सरकत होती आणि माझा वेद चिखलात रोवला जात होता. क्षणभर मी जिंकलो असं मला वाटलं.

मग साहेब म्हणाले, "छान. आता वाक्य. एखादं वाक्य सांगा बरं कुणी."

बांधी गप्प झाली. बेडकंसुद्धा. तुझी दहा वाक्यं मी उद्यावर, उद्यावर ढकलली होती. मला तुमुनाचा लळा लागला होता. कर्ता काही मी घरी आणला नाही.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून ते चांगलं नव्हतं. ते परत वळले, आणि तेवढ्यात रुखमाने पऱ्ह्याची पेंडी त्यांच्या बुटांवर ठेवली.

तू शहरात राहतेस, म्हणून सांगतो. रोवण्याच्या दिवसांत पारेवर आलेल्या परक्याला बाया असं अडवतात. काही दिल्याशिवाय त्याला जाता येत नाही. यातून पटवारी सुटत नाही की पाहुणा जावई.

"काय हे?" साहेब म्हणाले.

"वाट अडवली, साहेब," रुखमा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "देऊन जा."

"काय देऊ?"

एरवी गुळाचं, चिवड्याचं बोलतात. रुखमाने बायांकडे पाहिलं. बायांनी लालसूकडे. तो पेंड्याच बघत होता. मग रुखमा म्हणाली, "वर्ग द्या. पोट्ट्याइचा."

पोरांना वेळ लागला नाही. "टू गिव्ह! टू गिव्ह!" ओरडत सगळे चिखल उडवू लागले. मी हात वर करून 'शांत, शांत' म्हणत होतो, तेही संस्कृतात.

साहेब म्हणाले, "बाई, वर्ग काही माझ्या हातात नाही."

"मंग हातात काय हाय?"

"ही वही."

"मंग वहीत लिवा."

"जे दिसलं तेच लिहावं लागतं."

"दिसलं त तुमाले वरूनच," रुखमा म्हणाली. "देत नसान त उतरा. नाई देत थो रोवते, अशी रीत हाय."

मला वाटलं, आता संपलं. पण साहेबांनी वही माझ्या हातात दिली, बूट काढले, पँट दुमडली आणि उतरले. इंदू, माणूस बरा आहे, पण रोवता येत नाही. रुखमाने त्यांची ओळ दोनदा उपटून पुन्हा लावायला लावली. "साहेब, धान हाय हे, शेंडी नोहे, कुठीबी उभी कराले," असं म्हणताना ती माझ्याकडे बघत होती.

सोमारी त्यांच्या शेजारी होती. त्यांनी तिला विचारलं, "वर्ग बंद झाला तर तू काय करशील?"

ती वाकलेलीच होती. मान वर न करता म्हणाली, "हेच."

बाया हसत होत्या, त्या थांबल्या. लालसूने हातातली पेंडी फेकलीच नाही, धरून उभा राहिला. मग साहेबांनी ओळ शेवटपर्यंत नेली.

जाताना ते वही घेत मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, कर्ता घरी नाही, काळ गावाला गेलाय, ही गोष्ट खरी निघाली."

ही ओळ मी फक्त तुला लिहिली होती. खुलासा कर.

निकाल माहीत नाही. लालसू विचारतो, मी पुराचं सांगतो. सोमारी विचारत नाही. तेच जड जातं.

धुंडिराज


चांदा
३ ऑगस्ट १९५४

ती. धुंडूदादांस,

खुलासा. तुमची पत्रं मी मधल्या सुट्टीत वाचून दाखवते. पहिल्यापासून. साप कुठी हाय, या प्रश्नावर आमच्या शिवणाच्या बाई खुर्चीवरून पडल्या. त्या तुमच्या साहेबांची सख्खी बहीण. तेव्हा साहेब निघाले तेव्हाच त्यांना ठाऊक होतं की साजाटोल्यात इंग्रजी शिकवणाऱ्याला इंग्रजी येत नाही. रागवा. माझी तयारी आहे. पण मला एक सांगा, इतकी चांगली पत्रं एकटीने वाचायची कशी?

आता निकाल. बहिणीकडून कळला, कागद मागून येईल. मुलांना शब्द पाठ आहेत, वाक्य एकही येत नाही, असं लिहिलं आहे. ते खरंच आहे. गावाला वर्ग हवा आहे, आणि तो किती हवा आहे हे आपण स्वतः खाली उतरून पाहिलं, असंही लिहिलं आहे. तुमच्याविषयी एक ओळ आहे: 'शिक्षक उत्साही, परंतु धोकादायक.'

वर्ग चालू राहील, पण दिवाळीपर्यंतच. तोवर इंग्रजी जाणणारा शिक्षक रुजू झाला तर पुढे, नाहीतर बंद. तुम्ही इंग्रजी शिकवायचं नाही. साहेबांनी ते शब्द अधोरेखित केले आहेत म्हणे.

इंदू


साजाटोला
११ ऑगस्ट १९५४

चि. इंदू,

रागावलो होतो. मनकर्णेला सांगितलं, इंदू माझी पत्रं चव्हाट्यावर वाचते. ती म्हणाली, "बरं झालं. घरी कोन आयकते?" तेव्हापासून राग कुणावर धरावा ते ठरत नाही.

'उत्साही परंतु धोकादायक' हे गुणवंतरावांना फार आवडलं. ते मला हल्ली तशीच हाक मारतात.

मास्तर शोधतो आहे. नागपूरच्या एकाने विचारलं, वीज आहे का. आम्ही खरं लिहिलं. भंडाऱ्याच्या एकाने विचारलं, वाघ आहे का. आम्ही तेही खरं लिहिलं. वरोऱ्याच्या एकाने काहीच विचारलं नाही, तेव्हा आशा वाटली, पण आमच्या पत्राला त्याने उत्तरही दिलं नाही. लालसूला मी काल सगळं सांगून टाकलं. त्याने बिडी पेटवली. म्हणाला, "दिवाळीवर पाहू. तोवर येऊ द्या पोट्टीले."

इंदू, मी आजवर तुला जे लिहिलं त्यात मूळ गोष्टीला कुठेतरी फाटा दिला आहे. तुझ्या ध्यानात आलं असेल. आज देत नाही. तू ये. एक वर्षासाठी ये. खातं तुला उसनं देईल, मी विचारून ठेवलं आहे. मला हे मागायला लाज वाटते, म्हणून एका दमात लिहिलं.

धुंडिराज


चांदा
२२ ऑगस्ट १९५४

ती. धुंडूदादांस,

नाही लिहायला बसले होते. कारणं तयार होती. आईचं वय, माझी पाठ, हिवताप, हेडबाईंची मर्जी, आणि इथली माझी खोली, जिच्यात सकाळचं ऊन बरोब्बर टेबलावर येतं. चांगली कारणं होती. दोन पानं झाली.

आईने विचारलं, काय लिहितेस. वाचून दाखवलं. मला सगळं वाचून दाखवण्याची खोड आहे हे तुम्हाला कळलंच आहे. ती म्हणाली, "येवढी वर्षं पोरींले टू गो, टू गो शिकवून राह्यली. तू कधी गेली कुठी?"

दादा, मी मुलींना हे शिकवते, त्या पाठ करतात, लग्न होऊन जातात, आणि तो धडा त्यांच्या कुणाच्याच कामी येत नाही. माझ्याही आला नाही. हे मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं.

पोळा झाल्यावर निघते. आई माझ्या भावाकडे राहील, तिनेच ठरवलं. अर्ज दिला आहे. हेडबाई म्हणाल्या, "जंगलात?" मी म्हटलं, "हो." इतकं सोपं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मला चहा लागतो. आणि वर्गात तुम्ही काही बोलायचं नाही.

इंदू


साजाटोला
१४ सप्टेंबर १९५४

ती. आत्यास,

धुंडिराजाचा साष्टांग नमस्कार. या वेळी तो नुसताच नमस्कार आहे, आशीर्वाद मिसळलेला नाही. इंदूला पत्र लिहिण्याचं कारण उरलं नाही, ती समोर ओसरीवर बसून चहा पीत आहे आणि मी काय लिहितो ते इथूनच वाचते आहे. म्हणून तुला लिहितो.

ती सुखरूप पोचली. नागभीडला गाडी बदलताना ट्रंक चढवायला हमाल मिळाला नाही, तर तिने स्वतः चढवली, असं ती सांगते. वडशापासून लालसूने रेंगीत आणलं. वाटेत त्याने तिला विचारलं, "बाई, तुमाले वाक्य येते ना?" ती म्हणाली, येतं. त्यानंतर वीस मैल त्याने बैल चांगले हाकले म्हणे.

काल तिचा पहिला तास झाला. खात्याने मला इंग्रजी शिकवायला बंदी केली आहे. शिकायला केलेली नाही. कागद दोनदा वाचून पाहिला. तेव्हा मीही पाटी घेऊन गेलो आणि, वडीलधारा म्हणून, पहिल्या ओळीत जाऊन बसलो. इंदूने फळ्याकडे पाठ करून हसू लपवलं. मग तिने खडू घेतला आणि 'आय गो' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं.

मागून माझ्या पाठीला बोट टोचलं. सोमारी होती.

"गुर्जी," ती म्हणाली, "तुमी मांगं बसा. तुमचं डोस्कं आडवं येते, फळा दिसत नाई."

मी मागे जाऊन बसलो.

तुझा भाचा,
धुंडिराज